कारखाना बंद पडला, क्लब चालू राहिला

आज आपण मोटारींच्या एका क्लबाचा इतिहास ऐकणार आहोत.

हे ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसल्या असतील. आपल्यापैकी कुणाकडे स्कूटी आहे, कुणाच्या दारात पिकअप उभी असते, आणि बाकीच्यांचा निम्मा जन्म एसटीची वाट बघण्यात गेलेला. स्पोर्ट्‌स कारच्या मालकांनी विलायतेत काढलेल्या क्लबाशी आपलं काय देणंघेणं? आम्हालाही आधी असंच वाटलं. पण त्या क्लबाची माहिती वाचत गेलो तसतसं एकेक ओळखीचं दिसायला लागलं. महिन्याची बैठक, वर्गणी, सचिव, खजिनदार, रजिस्टर आणि मदत करणाऱ्यांनी एक दिवस हात काढून घेणं. गाड्या त्यांच्या आहेत, पण गोष्ट बरीचशी आपली आहे.

हायवेला हल्ली एम.जी. नावाच्या मोटारी दिसतात. पुढे आठ कोनांचा बिल्ला आणि त्यात एम आणि जी ही दोन इंग्रजी अक्षरं. २०१९पासून या गाड्या गुजरातमध्ये हालोल इथे बनतात. नाव मात्र जुनं आहे, शंभर वर्षांपूर्वीचं. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातलं एक गॅरेज.

या गॅरेजचा मालक विल्यम मॉरिस. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८९३ साली, त्याने आईवडिलांच्या घरीच सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. भांडवल होतं चार पौंड. सायकलीवरून तो मोटारसायकलीकडे गेला आणि तिथून मोटारींकडे. पुढे तो इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या मोटार कारखानदारांपैकी एक झाला. त्याच्या गॅरेजचा कारभार १९२२ साली सेसिल किंबर नावाच्या माणसाकडे आला. किंबरने मॉरिसच्या साध्या गाड्या घेतल्या आणि त्यांना हलकी, देखणी बॉडी बसवायला सुरुवात केली. लोकांना त्या आवडल्या आणि त्यांनाच एम.जी. हे नाव पडलं.

स्पोर्ट्‌स कार म्हणजे काय, तेही सांगून टाकू. दोन माणसांपुरती ठेंगणी गाडी, वर पक्कं छत नाही, सामानाला जागा नाही. पोरंबाळं घेऊन लग्नाला जायला ती बिनकामाची. चालवण्याचा आनंद घ्यायचा, एवढाच तिचा उपयोग. त्या काळी अशी गाडी म्हणजे बड्या श्रीमंतांचा खेळ होता. १९२८ साली किंबरने लंडनच्या मोटार प्रदर्शनात ‘मिजेट’ नावाची छोटी गाडी मांडली. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून तिची बॉडी केलेली होती आणि किंमत होती १७५ पौंड. साध्या कामगाराला हीसुद्धा जवळजवळ वर्षभराची कमाई होती, म्हणजे गाडी गरिबाची नव्हतीच. पण शाळामास्तर, कारकून, दुकानदार अशा मधल्या माणसाला ती आता हप्त्याने का होईना, आवाक्यात दिसायला लागली. काम वाढलं तसा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी, कातड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत गेला.

आता येऊ क्लबाकडे. १९३० साली एका मोटार साप्ताहिकात एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्याचा मुद्दा असा होता की एम.जी.च्या मालकांनी एकत्र येऊन स्वतःचा क्लब का काढू नये? पत्राला ज्यांनी प्रतिसाद दिला त्यांत जॉन थॉर्नली नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. लंडनमध्ये तो हिशेबतपासणीचं काम शिकत होता आणि स्वतः मिजेट चालवायचा. १२ ऑक्टोबर १९३०, रविवार. स्टीव्हनेजजवळच्या रोबक नावाच्या खाणावळीत मालक आपापल्या गाड्या घेऊन जमले. क्लब काढायचं ठरलं. सचिव कोण होणार? थॉर्नली झाला. बिनपगारी.

इथे जरा थांबू या. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीत काय झालं होतं, आठवतंय? अध्यक्ष व्हायला लोक लवकर तयार होतात, कारण तो मान असतो. सचिव म्हटलं की सगळ्या जमिनीकडे बघायला लागतात, कारण ते काम असतं. एम.जी. कार क्लबाच्या नशिबाने त्यांना पहिल्याच दिवशी लिहिणारा, आकडे समजणारा आणि पत्रांना उत्तरं देणारा माणूस मिळाला. क्लब टिकला त्याचं निम्मं श्रेय आम्ही त्या एका नेमणुकीला देऊ.

हा क्लब करायचा तरी काय? नुसते गाड्या मिरवायला जमले असते तर दोन वर्षांत कंटाळले असते. त्यांनी कार्यक्रम लावून घेतले. त्यात सगळ्यात आवडीचा प्रकार म्हणजे ‘ट्रायल’. ही शर्यत नव्हे. डोंगरातली चिखलाची, दगडांची चढण निवडायची आणि गाडी मध्ये न थांबता वर न्यायची. थांबली की गुण गेले. वाटेत ठिकठिकाणी क्लबाचेच सभासद पावसात वही घेऊन उभे राहायचे आणि कोण कुठे अडकलं ते टिपायचे. चाक जागेवर फिरायला लागलं की शेजारी बसलेल्या जोडीदाराने जागच्या जागी उड्या मारायच्या, म्हणजे मागच्या चाकांवर वजन पडून ती जमीन धरतात. उसाच्या फडात रुतलेली ट्रॉली काढताना आपल्याकडे हाच उद्योग चालतो, फक्त त्याला कुणी बक्षीस देत नाही.

शिवाय खांब लावून त्यांच्यामधून गाडी वळवण्याच्या कसरती असायच्या. कुणाची गाडी जास्त देखणी ठेवलेली, याची पारख व्हायची. नकाशा वाचत खुणा शोधत जायचं, वर्षातून एकदा एकत्र जेवायचं. आणि कुठलंही निमित्त नसताना महिन्यातून एका संध्याकाळी ठरलेल्या खाणावळीत बसून नुसत्या गप्पा मारायच्या. कुणाच्या गाडीतून कसला आवाज येतो, तेल कुठलं वापरायचं, कुठला मिस्त्री खरा आणि कुठला लबाड, हे सगळं तिथेच कळायचं. अशा अनेक क्लबांच्या इतिहासात हे दिसतं की स्पर्धांमुळे लोक येतात, पण टिकतात ते या गप्पांमुळे.

कारभाराची बाजू अशी. वर्षाची वर्गणी ठरलेली. ती भरली की गाडीला लावायचा बिल्ला आणि क्लबाचं मासिक. क्लब वाढल्यावर सगळ्यांना एका जागी जमणं शक्य नव्हतं, म्हणून भागवार शाखा केल्या. प्रत्येक शाखेची समिती वेगळी, सचिव वेगळा, खजिनदार वेगळा. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, तिथे जमाखर्च वाचायचा आणि पदाधिकारी निवडायचे. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही आपली उतरंड ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात बायका कुठे होत्या? आम्हीही तेच शोधत होतो.

मोटार आली तेव्हा मोटारींचे क्लब पुरुषांनी पुरुषांसाठीच काढलेले होते. लंडनच्या मोठ्या मोटार क्लबात बायकांना सभासद करून घेत नव्हते. तेव्हा १९०३ साली बायकांनी स्वतःचा वेगळा ‘लेडीज ऑटोमोबाइल क्लब’ काढला. त्या सरदार-उमरावांच्या घरातल्या होत्या, हे खरं. पण दार बंद असेल तर दुसरं घर बांधायचं, ही अक्कल श्रीमंतीतून येत नाही.

पुढे १९०७ साली ब्रुकलँड्स इथे मोटारशर्यतींसाठी मोठा गोल रस्ता तयार झाला. तिथेही बायकांना शर्यतीत घ्यायला तयार नव्हते. बरीच कुरबुर झाल्यावर १९०८ साली फक्त बायकांची एक शर्यत ठेवली. नाव काय दिलं असेल? ‘लेडीज ब्रेसलेट’. जिंकणारीला बक्षीस हातातला दागिना. ती शर्यत म्युरिएल थॉम्पसन हिने जिंकली. पहिल्या महायुद्धात हीच म्युरिएल आघाडीवर जखमी सैनिकांच्या रुग्णवाहिका चालवत होती आणि तिला शौर्याबद्दल लष्करी पदक मिळालं. दागिना देणाऱ्यांना तिच्या हातातलं बळ दहा वर्षांनी दिसलं.

एम.जी.च्या काळापर्यंत परिस्थिती थोडी बदलली होती. छोटी, स्वस्त गाडी आली तशा पोरीही चालवायला लागल्या, स्पर्धांना यायला लागल्या. १९३५ साली फ्रान्समधल्या ल माँ इथल्या प्रसिद्ध शर्यतीत तीन एम.जी. मिजेट उतरल्या आणि तिन्हींवर बायका. एका गाडीला दोघी, अशा सहा जणी. ही शर्यत चोवीस तासांची असते. दिवसभर, रात्रभर, पाऊस आला तरी साडेतेरा किलोमीटरचा फेरा आळीपाळीने मारत राहायचा. यांच्या गाडीचं इंजिन ८४७ सीसीचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८००पेक्षा जेमतेम मोठं. शेजारून जाणाऱ्या गाड्या याच्या चौपट-पाचपट ताकदीच्या.

या सहा जणींच्या संघाचा व्यवस्थापक होता जॉर्ज आयस्टन, स्वतः नावाजलेला चालक. लोकांनी संघाला नाव पाडलं ‘डान्सिंग डॉटर्स’, म्हणजे आयस्टनच्या नाचणाऱ्या पोरी. चेष्टाच ती. पोरींनी चेष्टेला उत्तर दिलं नाही, त्या गाडी चालवत राहिल्या. वेगात पहिलं यायचं नव्हतंच. गाडी न मोडता, न थांबता चोवीस तास काढायचे, एवढंच ठरलं होतं. त्या शर्यतीत निम्म्याच्या आसपास गाड्या वाटेतच बंद पडल्या. या तिन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. चोविसावी, पंचविसावी, सव्विसावी, एकामागे एक.

आम्हाला या निकालाचं फार कौतुक वाटतं. कारण पहिला नंबर आला की वर्तमानपत्रात फोटो येतो. पण तिघी निघाल्या आणि तिन्ही पोचल्या, मागे कुणी राहिलं नाही, याचा फोटो सहसा येत नाही. त्या सहा जणींपैकी डोरीन इव्हान्सच्या घरचंच गॅरेज होतं आणि ती भावांच्या बरोबरीने गाड्या चालवायची. जोन रिचमंड ऑस्ट्रेलियातून आलेली. तिने १९३२ सालीच एल्सी विस्डमच्या जोडीने ब्रुकलँड्सची हजार मैलांची शर्यत जिंकली होती, पुरुषांच्या बरोबरीने उतरून. मार्गारेट ॲलन हिने दुसऱ्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवली, नंतर शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या प्रसिद्ध केंद्रात काम केलं आणि युद्धानंतर एका मोठ्या मासिकात मोटारींवर लिहिलं. नाचणाऱ्या पोरी म्हणे!

आता गोष्टीतला अवघड भाग. क्लब आणि कंपनी यांचं नातं.

सचिव थॉर्नलीने १९३१ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातच नोकरी धरली. दिवसा तो गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायचा आणि त्याच्याच जोडीने क्लबाचं काम. किंबरलाही क्लब हवाच होता, कारण क्लबातला प्रत्येक सभासद म्हणजे गाडीची चालती जाहिरात. त्यामुळे क्लबाचं दप्तर कारखान्यात, टपालखर्च कारखान्याचा, माणूस कारखान्याचा. सोय मोठी होती. पण सोयीबरोबर परावलंबन येतं, ते आल्याचं कळत नाही.

कंपनीचा स्वभाव कसा असतो ते पुढे दिसलंच. १९३५ साली एम.जी. मॉरिसच्या मोठ्या कंपनीत सामावून घेतली गेली आणि शर्यतींचा विभाग एका फटक्यात बंद झाला. १९४१ साली, युद्ध चालू असताना, ज्याने एम.जी. उभी केली त्या किंबरलाच नोकरीवरून काढून टाकलं. कारखाना रिकामा राहू नये म्हणून त्याने विमानांच्या भागांचं काम वरिष्ठांना न विचारता घेतलं होतं, हे निमित्त झालं. १९४५च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात झालेल्या रेल्वे अपघातात तो गेला. युद्ध संपलेलं आणि त्याच्या गाड्या पुन्हा बनायला लागलेल्या बघायला तो राहिला नाही.

युद्धानंतर मात्र एम.जी.ला चांगले दिवस आले. इंग्लंडमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी या छोट्या गाड्या पाहिल्या होत्या, काहींनी परत जाताना सोबत नेल्या. अमेरिकेत मागणी वाढली, तिथेही क्लब निघाले. आपला हिशेबनीस सचिव थॉर्नली १९५२ साली साऱ्या कारखान्याचा जनरल मॅनेजर झाला. १९६२ साली आलेली ‘एमजीबी’ तर अठरा वर्षं बनत राहिली. अशा पाच लाखांवर गाड्या निघाल्या.

पण मालकी बदलत गेली. या कंपनीत ती कंपनी, तिच्यावर आणखी मोठी कंपनी. साठचं दशक संपता संपता थॉर्नली निवृत्त झाला आणि नव्या मालकांनी क्लबाचा आधार काढून घेतला. गाड्यांचा क्लब चालवणं हे आमचं काम नाही, असं त्यांचं धोरण. चाळीस वर्षं ज्या भिंतीला टेकून बसले होते, ती भिंतच गेली.

अशा वेळी काय होतं, हे आम्ही आमच्या भागात बघितलंय. एका प्रकल्पात आमच्याकडे तीन गट सुरू झाले होते. ताई यायच्या, बैठक घ्यायच्या, इतिवृत्त त्याच लिहायच्या, पासबुकात नोंदी त्याच करायच्या. आम्ही सह्या आणि अंगठे द्यायचो. प्रकल्पाची मुदत संपली, ताईंचं येणं थांबलं. वर्षाच्या आत दोन गट बंद पडले. भांडण झालं म्हणून नाही, पैसे बुडाले म्हणूनही नाही. कुणाचे किती जमा आहेत, हे वाचून सांगणारी त्या गटांत कुणी नव्हती. मग संशय आला आणि संशयाने गट संपवले. तिसरा गट टिकला, कारण त्यातली एक जण ताईंच्या शेजारी बसून हट्टाने लिहायला शिकली होती. आम्ही दोष त्या ताईंना देत नाही. आम्ही शिकून घेतलं नाही, हा दोष आमचा.

एम.जी. कार क्लबाने काय केलं? वर्गणीवर स्वतःचा संसार मांडला. शाखांच्या समित्या आधीपासून स्वतःच्या पायावर होत्या, त्या कामाला आल्या. बिनपगारी काम करणारे सभासद पुढे झाले. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट अशी होती की जी कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. ती म्हणजे रजिस्टर.

प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, नंबर कोरलेला असतो. एम.जी.च्या अनेक प्रकारच्या गाड्यांचे नंबर एकपासून सुरू होत नाहीत, २५१पासून होतात. का? तर ॲबिंग्डन कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर २५१ होता! साठच्या दशकापासून क्लबातल्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांनी त्या त्या प्रकारच्या गाड्यांची वेगवेगळी रजिस्टरं ठेवायला घेतली. कुठल्या नंबरची गाडी कधी बनली, कुणाकुणाकडे फिरली, आता कुठे आहे, इंजिन मूळचं की बदललेलं, हे सगळं त्यात लिहायचं. धान्याच्या कोठारात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलेले सांगाडे शोधून त्यांची नावं त्यात घातली.

हा नुसता छंद नाही. या नोंदीवरून खरी गाडी आणि बनावट गाडी कळते. विम्यासाठी किंमत ठरवायला क्लबाचा शब्द मानला जातो. आणि एखादा भाग बाजारात मिळत नसेल तर तो किती जणांना लागणार, हे कळतं. एकट्याने एक भाग घडवायला गेलं तर सोन्याच्या भावात पडतो. पन्नास जणांनी मिळून मागितला तर एखादा कारखानदार साचा करायला तयार होतो. आपण गटाने मिळून बियाणं आणतो तेव्हा दुकानदार भाव कमी करतो ना, तोच हिशेब.

१९७९च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनला एम.जी. येऊन पन्नास वर्षं झाल्याचा उत्सव झाला. गावभर जुन्या-नव्या गाड्या, बँड, मिरवणुका. उत्सव संपला आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, कंपनीने कारखाना बंद करण्याचा बेत जाहीर केला. जत्रेचा मांडव उतरला नाही तोवर ही बातमी. मालक लोक चिडले. लंडनच्या रस्त्यांवर गाड्यांचा मोर्चा निघाला, निवेदनं दिली गेली, सह्या गोळा झाल्या. दुसऱ्या एका मोटार कंपनीच्या पुढाकाराने कारखाना विकत घेण्याचाही प्रयत्न झाला, पण तो फसला. १९८०च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनहून शेवटची गाडी बाहेर पडली. पन्नास वर्षांत तिथून दहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या होत्या.

इथे खरं ते सांगायला हवं. क्लब कारखाना वाचवू शकला नाही. गाडीवर प्रेम करणाऱ्यांच्या गाड्या वाचल्या, पण ज्यांनी त्या हाताने जोडल्या त्या कामगारांची नोकरी गेली. कामगाराचं दुःख आणि मालकाचा छंद एका तराजूत बसत नाहीत. गट केला की सगळं होतं, असं आपल्यालाही मंचावरून कुणी सांगतं, तेव्हा हे आठवावं. गटाने होतं ते पुष्कळ आहे. सगळं होत नाही.

पण कारखाना बंद झाल्यावर जे घडलं तेही तितकंच खरं. पाच लाखांवर एमजीबी बनल्या होत्या आणि त्यांचे कितीतरी मालक ठिकठिकाणच्या क्लबांत बांधलेले होते. भागांची मागणी थांबेना. बॉडी दाबून काढायचे कारखान्यातले जुने साचे शोधून काढले गेले आणि १९८८ साली एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा तयार व्हायला लागली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती! दुरुस्ती करणारे, सीट शिवणारे, रंग देणारे, भाग विकणारे अशा कितीतरी छोट्या कारागिरांचं पोट आजही या जुन्या गाड्यांवर चालतं.

मूळ कंपनीचं पुढे काय झालं? नाव या हातातून त्या हातात गेलं. २००५ साली तेव्हाची कंपनी बुडाली, नाव चीनच्या कंपनीकडे गेलं आणि तिथून फिरत आपल्या हायवेवर आलं. क्लबाचं कचेरीघर मात्र अजून ॲबिंग्डनलाच आहे, जुन्या कारखान्याच्या जवळच. त्या इमारतीचं नाव आहे किंबर हाउस. कंपनीने ज्याला काढून टाकलं, त्याचं नाव क्लबाने दारावर लावलं.

मैत्रिणींनो, आपण पंचसूत्री पाठ म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. त्या क्लबात कर्ज नव्हतं आणि परतफेडही नव्हती, त्यांना गरजही नव्हती. पण पहिलं आणि शेवटचं सूत्र त्यांनी १९३०पासून सोडलं नाही. भेटत राहायचं आणि लिहून ठेवायचं. बचतीच्या जागी त्यांची वर्गणी होती. एवढ्यावर त्यांचा क्लब युद्धातून निघाला, मालक बदलले ते सोसले, आधार गेला तेही सोसलं आणि शेवटी ज्या कारखान्यासाठी तो जन्मला त्याच्या मागेही जिवंत राहिला.

आपला गटही कुणाच्या तरी मदतीने सुरू झालेला असतो. संस्था असेल, बँक असेल, सरकारची योजना असेल. त्यांचे उपकार आहेतच. पण योजनेला मुदत असते, अधिकाऱ्याची बदली होते, प्रकल्पाचा निधी संपतो. गटाला मुदत नसावी.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाचं रजिस्टर मध्ये ठेवा आणि एकमेकींना विचारा. आपली सचिव उद्या माहेरी राहायला गेली, तर हे रजिस्टर दुसरी कोण लिहील? आपले किती जमा आहेत, हे न विचारता किती जणींना वाचता येतं? आणि आपल्याकडे येणारी ताई उद्यापासून आली नाही, तर पुढच्या महिन्याची बैठक कुठे आणि कधी, हे आपलं ठरलेलं आहे का?

तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर आजच एखादीच्या हातात पेन द्या. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. चोविसाव्या, पंचविसाव्या, सव्विसाव्या नंबराने का होईना, सगळ्या मिळून पोचायचं आहे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.